सतराव्या पानावरची खूण

दुपारचे चार वाजत आले होते. वाचनालयात ती वेळ तशी सुस्तीचीच. पंखा टकटक करत फिरत होता, वर्तमानपत्रांच्या टेबलावर दोघे-तिघे डुलक्या घेत होते आणि शिक्क्याचं पॅड वाळलं म्हणून देवघेवीच्या टेबलावरची मुलगी त्यावर जांभळी शाई सोडत बसली होती. सत्तरीच्या पुढच्या एक बाई आल्या. कापडी पिशवीतून जाडजूड कादंबरी काढून त्यांनी दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली. म्हणाल्या, ‘हे घे गं बाई, आणि या महिन्यापासून वर्गणी बंद कर. आता माझ्याच्यानं नाही होत वाचन.’ मुलीने विचारलं, ‘काकू, आवडलं नाही का? दुसरं देऊ?’ ‘पुस्तकाचं काही नाही गं. बसलं की दहा मिनिटांत अक्षरांच्या मुंग्या होतात. मनच लागत नाही. वय झालं, दुसरं काय!’ अनामत रकमेचे पैसे मोजून घेतले, पिशवीची घडी घातली आणि हळूहळू जिना उतरून गेल्या. मुलीने सवयीने पुस्तक चाळलं. १७व्या पानाशी खूण होती. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाची कापलेली चंदेरी पट्टी. तिचे चारही कोपरे कात्रीने गोल केलेले होते, पानाला ओरखडा उठू नये म्हणून.

ते गोल केलेले कोपरे मनातून जाईनात. ज्याचं वाचनातून मन उडालं आहे, तो माणूस इतक्या निगुतीने खूण करत नाही. खूण हातासरशी जे मिळेल त्याची करतात, बसच्या तिकिटाची, लग्नपत्रिकेच्या तुकड्याची. पान दुमडणारेही काही कमी नाहीत. इथे मन तर शाबूत होतं. मग सतराव्या पानावर अडलं काय? ‘मन लागत नाही’ हे वाक्य उतारवयातल्या वाचकांच्या तोंडून वारंवार ऐकू येतं, घरचेही ते चटकन मान्य करतात आणि ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणायला आपल्याकडे म्हण तयारच आहे. माझं ठाम मत असं, की दहातल्या बऱ्याच जणांच्या बाबतीत मनावर हा आळ उगाच येतो. अडलेलं असतं ते चष्म्यात, दिव्यात, पुस्तकाच्या वजनात, बसण्याच्या जागेत. एक अक्षर ओळखायलाच डोळ्याला इतकी मेहनत पडते, की वाक्याचा अर्थ धरायला डोक्यात बळ उरत नाही. तीच दमणूक दहा मिनिटांनी ‘मन लागत नाही’ अशा शब्दांत बाहेर येते.

चष्म्याला ‘चाळिशी’ म्हणणारी आपली भाषा याबाबतीत शहाणी आहे. चाळिशीच्या आसपास डोळ्यातलं भिंग ताठर होऊ लागतं. जवळचं बघताना त्याला फुगावं लागतं, ते फुगणं वर्षागणिक कमी होतं आणि साठी-पासष्टीला जवळजवळ थांबतं. तिथून पुढे जवळचं दाखवण्याचं सगळं काम चष्म्याच्या काचेवर येऊन पडतं, आणि काच एकाच अंतरावर इमानदारीने काम करते. ते अंतर काढायचा हिशेब सोपा आहे. शंभराला जवळच्या नंबराने भागायचं, येईल तेवढे सेंटीमीटर. +२.५० म्हणजे ४० सेंटीमीटर, +३.०० म्हणजे ३३, +२.०० म्हणजे ५०. लांबचा नंबर असेल तर हा त्याच्यावर चढतो, पण अंतराचा हिशेब तोच राहतो. आता खुर्चीत बसून कादंबरी हातात धरणारा माणूस आणि मांडी घालून चौरंगावर पोथी ठेवणारा माणूस यांच्या अंतरात चांगला वीतभराचा फरक असतो. दुकानात मात्र दोघांनाही तोच छापील तक्ता, त्याच हातभर अंतरावर धरायला देतात. घरी येऊन पोथी उघडली की धूसर दिसते आणि काचेचा दोष अंगावर घेऊन बिचारा डोळा बदनाम होतो. म्हणून नंबर काढायला जाताना आपण वाचतो ते पुस्तक बरोबर न्यावं, रोज बसतो तसं बसून दाखवावं आणि ‘इथे धरतो, इथे स्वच्छ दिसू द्या’ असं सांगावं. कोणीही चांगला तपासणारा या सांगण्याचा राग मानत नाही.

दुसरी अडचण प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेतून लांबचं आणि जवळचं दाखवणाऱ्या चष्म्याची. चालता-फिरता तो सोयीचा खराच, पण त्यातला जवळचा भाग काचेच्या तळाशी, चिंचोळा असतो. ओळीच्या दोन्ही टोकांना नजर नेताना कडेची अक्षरं वाकतात, म्हणून डोळ्यांऐवजी मान फिरवावी लागते, हनुवटी वर उचलावी लागते. अर्ध्या तासात मानेचा मागचा भाग भरून येतो. उशीला टेकून आडवं झालं तर तो भाग पानावर येतच नाही. तासभर वाचणाऱ्याने फक्त जवळच्या नंबराचा, पूर्ण काचेचा वेगळा चष्मा करून तो वाचायच्या जागीच ठेवावा. तो लावून चालू मात्र नये. लांबचं त्यातून धूसर दिसतं आणि पायरीचा अंदाज चुकतो, आणि या वयात एक चुकलेली पायरी फार महागात पडते. दुकानात टांगलेले तयार चष्मे अधूनमधून पंचांग बघायला ठीक. दोन्ही काचांना एकच नंबर असतो आणि आपले दोन डोळे सहसा सारखे नसतात. मधुमेह असेल तर साखर काबूत असलेल्या दिवसांत नंबर काढावा. साखर वरखाली झाली की डोळ्यातल्या भिंगातलं पाणी बदलतं, नंबरही सरकतो आणि महिन्याभराने नवा चष्मा परका वाटू लागतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यावरही घाई नको. साधारणपणे महिना-दीड महिन्याने डोळा स्थिरावतो, मग वाचायचा नंबर कायम करतात. आणि एक गोष्ट चष्म्याच्या पलीकडची. एक डोळा तळव्याने झाकून खिडकीच्या गजांकडे पाहावं, मग दुसरा झाकून. सरळ गज मध्येच वाकडा किंवा लाटेसारखा दिसला, पानाच्या मधोमध डाग दिसला, तर चष्म्याच्या दुकानात जायचं नाही. सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, आणि पुढच्या आठवड्यात नव्हे, लगेच.

आपल्या लिपीचंही यात काही आहे, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. देवनागरी तीन मजली. मधे अक्षर, वरती वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खालती उकार. या तिन्ही मजल्यांना ओळीच्या उंचीत बसवायचं म्हणजे मधल्या अक्षराच्या वाट्याला जागा कमी येते. नजर उतरली की आधी जातात ते वरचे आणि खालचे मजले. अक्षराचं धड दिसतं, टिंब दिसत नाही. चिता आणि चिंता यांत एका टिंबाचाच फरक, हे सांगणारं सुभाषित शाळेत सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण उतारवयात ते रोज पानोपानी अनुभवाला येतं. ‘सुत’ की ‘सूत’, ‘दिन’ की ‘दीन’, ‘मोड’ की ‘मोडं’, ‘अर्थ’ की ‘अथ’? मेंदू अंदाजाने भरत जातो, चार ओळींनी अंदाज चुकल्याचं कळतं, मग उलटं फिरून पुन्हा वाचायचं. असं तीन-चारदा झालं की पुस्तक मिटलं जातं. ही थकणूक आळस नव्हे.

समर्थांना हे ठाऊक होतं. दासबोधाच्या १९व्या दशकाचा पहिला समास अक्षर कसं काढावं याबद्दल आहे. लेखनाच्या त्या धड्यात, कागदाच्या कडेने जागा सोडा म्हणजे कडा झडल्या तरी अक्षर वाचेल असं सांगता सांगता ते म्हणतात, ‘बहु बारिक तरुणपणीं । कामा नये म्हातारपणीं । मध्यस्त लिहिण्याची करणी । केली पाहिजे ॥’ तरुणपणी हौसेने बारीक लिहिलेलं म्हातारपणी आपल्यालाच वाचता येणार नाही, तेव्हा मध्यम अक्षर काढा. साडेतीनशे वर्षांपूर्वी, चष्मा घरोघर नसताना, पोथी लिहिणाऱ्याने पुढच्या वयातल्या वाचकाचा विचार करावा हे वाचताना ऊर भरून येतो. पोथ्यांनी तो धडा पाळला. हरिपाठ, गुरुचरित्र, ज्ञानेश्वरी ठळक मोठ्या टाइपात सहज मिळतात, दुकानदारच विचारतो, ‘मोठ्या अक्षरातली देऊ का?’ कादंबरी, आत्मचरित्र, प्रवासवर्णन मोठ्या टाइपात शोधायला जा, हाताला क्वचितच काही लागतं. ज्याचं आयुष्य कथा-कादंबऱ्यांवर गेलं, त्याने सत्तरीनंतर फक्त पोथीच का वाचायची? मराठी प्रकाशकांनी आपल्या खपाऊ दहा-वीस पुस्तकांची मोठ्या अक्षरातली आवृत्ती काढली, तर ती पडून राहणार नाही असं मनापासून वाटतं.

तोवर दिवा आहे.

साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांश उजेड पोहोचतो. बाहुली लहान होते, आतलं भिंग पिवळं पडत जातं. ज्या उजेडात नातवाला व्यवस्थित दिसतं त्या उजेडात आजोबांना अंधार वाटतो, आणि दोघंही खरं बोलत असतात. आपल्या घरांत ट्यूबलाइट भिंतीवर उंच, बहुतेक वेळा वाचणाऱ्याच्या पाठीमागे. पानावर पहिली पडते ती स्वतःच्या डोक्याची सावली. घरचे म्हणतात, एवढा लख्ख उजेड आहे की! लख्ख आहे तो खोलीत, पानावर नाही. दिव्याचं अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो, हा पदार्थविज्ञानाचा साधा नियम इथे उपयोगी पडतो. म्हणजे मोठा दिवा आणण्यापेक्षा लहान दिवा जवळ आणणं शहाणपणाचं. वाकवता येणाऱ्या मानेचा टेबल लॅम्प, त्यात ९ वॅटचा एलईडी पुरे. पुस्तकापासून दीड-दोन फुटांवर, खांद्याच्या थोडा वर. उजव्या हाताने पान उलटणाऱ्याने तो डाव्या बाजूला ठेवावा. खोलीतला मोठा दिवाही चालू असू द्यावा, नाहीतर पान झगझगीत आणि बाकी काळोख, नजर वर केली की डोळे दिपतात. मोतीबिंदू असणाऱ्यांना निळसर पांढरा उजेड बोचतो, त्यांनी थोडा कोमट रंगाचा घ्यावा. आणि बसल्यावर एकदा तपासावं, दिव्याचा गोळा थेट दिसतोय का? दिसत असेल तर टोपी खाली करावी. दिवा पानाला दिसायला हवा, डोळ्याला नव्हे.

गुळगुळीत कागदावर हे सगळं करूनही चकाकी येते. दिवाळी अंकांत, चित्रांच्या पुस्तकांत तर हमखास. त्यावर एक घरगुती उपाय आहे, आणि कमी दिसणाऱ्यांना तो जगभर शिकवतात. स्टेशनरीच्या दुकानातून काळं कार्डशीट आणायचं, आठ इंच लांब, तीन इंच रुंद पट्टी कापायची आणि तिच्या मधोमध साडेचार इंच लांब, अर्धा इंच उंच अशी खिडकी कापायची. पानावर ठेवली की खिडकीतून दोनच ओळी दिसतात, बाकीच्या पांढऱ्याची चकाकी काळा कागद गिळून टाकतो. ओळ चुकत नाही, तीच ओळ दोनदा वाचली जात नाही. पट्टी खाली सरकवायची, बस. भिंग घ्यायचं तर लोक मोठ्यात मोठ्या नंबराचं मागतात आणि फसतात. भिंगाची ताकद वाढली की त्यात मावणारी जागा कमी होते. एका वेळी दोनच अक्षरं दिसायला लागली तर वाक्य जुळत नाही. पानावर ठेवून सरकवायचं, कमी ताकदीचं, दिवा असलेलं भिंग वाचायला बरं. हातात धरायच्या भिंगाने हात थरथरला की सगळं पान थरथरतं.

मग वजन. दोनशे पानांचं कागदी बांधणीचं पुस्तक अडीचशे-तीनशे ग्रॅम भरतं, सहाशे पानांचं पुठ्ठा बांधणीचं किलोच्या घरात जातं. तो किलो अंगठ्याच्या मुळाशी येतो, आणि संधिवाताचं पहिलं ठाणं बऱ्याचदा तिथेच असतं. जुन्या पोथीची रचना याबाबतीत विलक्षण होती. आडवी, सुटी पानं, हातात एका वेळी एकच पान, बाकीची गठ्ठा होऊन समोर लाकडी ठवणीवर. पानाच्या मधे शिवण नाही, त्यामुळे कण्याशी अक्षरं वळून अंधारात जात नाहीत. मांडी, ठवणी, समई, स्वच्छ धुतलेला हात आणि मोठं अक्षर. देवघरातला तो सगळा थाट भक्तीचा म्हणून आपण पाहिला, पण म्हाताऱ्या डोळ्यांना आणि हातांना तो किती नेमका मापात होता! जाड कादंबरीसाठी आज तेच करायचं. मांडीवर घट्ट उशी, तिच्यावर पुस्तक, किंवा स्वयंपाकघरातला पाट तिरका टेकवून. पुस्तक सपाट पडलं की मान वाकते आणि लांबचा मजकूर तिरपा दिसतो, म्हणून पुस्तकाने आपल्याकडे तोंड करायला हवं. जुन्या बांधणीची पुस्तकं पूर्ण उघडत नाहीत. ती जबरदस्तीने उघडली की कणा तुटतो. दोन्ही बाजूंना कपड्याचे चिमटे लावले की पान आपण होऊन उभं राहतं.

एवढं सगळं जमल्यावर वाचायचं किती, हा प्रश्न येतो, आणि इथे उत्साहच घात करतो. निवृत्तीनंतर पहिल्या आठवड्यात माणूस ठरवतो, रोज दोन तास. सर्वांत जाड, आयुष्यभर राहून गेलेलं पुस्तक आणतो. चौथ्या दिवशी पाठ धरते, सहाव्या दिवशी पाहुणे येतात, आठव्या दिवशी पुस्तक कपाटावर. आपल्याकडे पोथी वाचणाऱ्यांचा नेम याहून कितीतरी समंजस. ज्ञानेश्वरीच्या ९,०३३ ओव्या. रोज २५ म्हटल्या तर वर्ष संपता संपता ग्रंथ संपतो. २५ ओव्यांना सावकाश वाचून, मोठ्याने म्हणून पंधरा-वीस मिनिटं लागतात. दासबोधाचे २० दशक, प्रत्येकी १० समास, रोज एक समास म्हणजे साडेसहा महिने. तुकोबांचे अभंग साडेचार हजारांवर आहेत, रोज पाच घेतले तर अडीच वर्षांची सोबत झाली. कादंबरीला हाच हिशेब लावा. रोज दहा पानं म्हणजे वर्षाला ३,६५० पानं, म्हणजे दोनशे पानांची अठरा पुस्तकं. नोकरीच्या धबडग्यात कितीजणांची वर्षाला अठरा होतात?

या रोजच्या थोडक्यात एक गोष्ट अशी आहे, जी सकाळी फोनवर येणाऱ्या सुविचारांत नाही. फुलांच्या चित्रावरचं वाक्य कितीही चांगलं असलं तरी त्याला मागचं-पुढचं काही नसतं. वाचलं, बरं वाटलं, दुसरं आलं. पुस्तकातल्या आजच्या दहा पानांना कालचं बोट धरलेलं असतं आणि उद्याचं बोट पुढे केलेलं असतं. उतारवयात दिवस सारखे होतात. सोमवार आणि गुरुवार यांत फरक उरतो तो औषधांच्या डबीच्या खणांपुरता. उद्या काय, याला ‘उद्या रक्त तपासायला जायचंय’ याखेरीज उत्तर नसतं. अशा वेळी उशाशी एक खूण घातलेलं पुस्तक असेल, तर उद्या त्या वकिलाचं काय होतं, ती मुलगी घरी परतते का, हे उद्याचं काम होतं. लहानसंच. पण सकाळी पाय जमिनीला टेकवायला तेवढं पुरतं. लोक मला काही उभारी देणारं, प्रेरणा देणारं पुस्तक सुचवा म्हणतात. उभारी पुस्तकाच्या उपदेशातून येते त्याहून जास्त त्या खुणेतून येते, असं मला वर्षानुवर्षांच्या पाहण्यातून वाटत आलं आहे. म्हणून थांबायची जागाही विचार करून निवडावी. पोथीत समास पुरा करून थांबतात, ते तिथे शोभतं. कादंबरीत मात्र प्रकरण संपवून थांबू नये, अर्धं पान आधी थांबावं, ओढ लागलेली असताना. दुसऱ्या दिवशी पुस्तक आपण होऊन उघडतं.

विसरण्याचं भय सगळ्यांनाच असतं. कालचं आज आठवत नाही, मग वाचून उपयोग काय? तर कालचं शेवटचं पान पुन्हा वाचूनच पुढे जायचं, हे सरळ नेमातच धरावं. तो वेळ वाया जात नाही, गाडी चालू करताना लागणाऱ्या पहिल्या गिअरसारखा तो लागतोच. खुणेचा कागद पोस्टकार्डाएवढा घ्यावा आणि त्यावर पात्रांची नावं लिहीत जावी, कोण कोणाचा कोण. अण्णा म्हणजे थोरला दीर, काशी म्हणजे त्यांची दुसरी सून. मोठ्या कुटुंबांच्या मराठी कादंबऱ्यांत तर तरुणांनाही हे लागतं. वहीत रोज एक ओळ, तारीख, पान आणि आवडलेला एखादा शब्द. महिन्याने ती वही चाळली की विसरलेलं बरंच परत येतं. आणि काही गोष्टी खरंच विसरल्या जातात, तर जाऊ द्याव्यात. दहा वर्षांपूर्वी वाचलेलं पुस्तक नवं होऊन भेटतं, यात तोटा कुठे आहे?

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं छोटं गाव आहे. तिथे ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गावात शिवजयंतीला पाठ वाचला जात असताना म्हाताऱ्या बायका बोलून गेल्या, आम्हालाही वाचता आलं असतं तर! साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागल्या. अक्षर वाचायला येणं म्हणजे काय, हे ज्यांनी सत्तर वर्षं त्याच्याविना काढली त्यांनाच समजत असेल. बसची पाटी, औषधाच्या बाटलीवरचं नाव, आणि अंगठ्याच्या जागी सही. पाटीवर गिरवताना त्यांच्या बोटांची जी थरथर होते, ती पाहून उतारवयातल्या वाचनाबद्दल निराशेने बोलायची आपली जीभ आपोआप थांबते. मोठी उदाहरणंही आहेत. संस्कृतचे पंडित पां. वा. काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० साली आला आणि शेवटचा १९६२ साली, त्यांच्या ब्याऐंशीव्या वर्षी. पाच खंडांची ती साडेसहा हजारांच्या आसपास पानं लिहायला त्यांनी किती हजार पानं वाचली असतील! अभिमान वाटतो. पण काण्यांचं नाव काढलं की सामान्य वाचक दबतो. त्याच्या कानात सांगायची गोष्ट फांगण्याची.

वाचन सगळी दुःखं पुसतं असं म्हणणं खोटं ठरेल. ज्या घरात पन्नास वर्षं एकाने पेपर मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने भाजी निवडत ऐकायचा, तिथे एक जण गेल्यावर पेपर तसाच घडी घातलेला राहतो. अक्षरं दिसतात, पण ती ज्या आवाजात ऐकायची सवय होती तो आवाज नसतो. अशा माणसाला नवा चष्मा आणून दिला म्हणजे काम झालं, असं नाही. कधी कधी पुस्तकच घाव उघडा करतं. आजारपणाचं सविस्तर वर्णन, म्हातारपणी टाकून दिलेल्या आई-बापाची गोष्ट, ही तरुणपणी रडत रडत वाचलेली पुस्तकं आता नकोशी होतात. ती मिटून ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही, पुस्तक पुरं केलंच पाहिजे हा शाळेतला नियम होता. अशा दिवसांत मोठ्याने वाचण्याचा उपयोग होतो, हे मी पुष्कळांच्या बाबतीत पाहिलं आहे. एकटं माणूस दिवस दिवस बोलत नाही, संध्याकाळी दूधवाला आला की घसा बसलेला निघतो. पंधरा मिनिटं मोठ्याने वाचलं की घरात माणसाचा आवाज होतो, मग तो आपलाच का असेना. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना तर पुस्तकासारखी सोबत नाही. चारचौघांत ‘काय म्हणालास?’ असं तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटते, म्हणून ते गप्प होत जातात. पुस्तकाला तेच वाक्य दहा वेळा विचारा, ते न वैतागता तेच सांगतं.

डोळे फारच कमी झाले तर फोन मराठी मजकूर वाचून दाखवतो, तेही हळूहळू कानाला रुळतं. फक्त पानांचे फोटो काढून केलेली पीडीएफ घेऊ नये. मोठी केली की ओळ पडद्याबाहेर जाते, प्रत्येक ओळीला पान डावी-उजवीकडे ओढत बसावं लागतं, आणि चित्रातली अक्षरं फोनला सहजासहजी वाचता येत नाहीत. अक्षर मोठं केल्यावर ओळी आपोआप नव्याने बसतात अशी ई-पुस्तकं घ्यावीत.

टेबलावरच्या त्या मुलीने काकूंची वर्गणी बंद केली, पण पुस्तक कपाटात लावलं नाही. तसंच, खुणेसकट, खणात ठेवलं. संध्याकाळी घरी जाताना त्यांच्या दारावर थांबून तिने एवढंच विचारलं, ‘काकू, वाचायला बसता कुठे?’ त्यांनी हॉलमधली खुर्ची दाखवली. ट्यूबलाइट पाठीमागे होती. चष्मा विचारला तर चार वर्षांपूर्वीचा, मोतीबिंदू काढायच्या आधीचा. जावई म्हणाले, एवढंच होय, उद्याच जाऊन येऊ.

दीड महिन्याने त्या आल्या. नाकावर नव्हे, गळ्यातल्या दोरीला लटकलेला नवा चष्मा. अनामत रक्कम पुन्हा भरली, पावतीवर नाव वाचून बघितलं, ‘वेलांटी दुसरी हवी गं’ म्हणून मुलीला दुरुस्त करायला लावली. खणातून पुस्तक निघालं. त्यांनी सतरावं पान उघडलं, उभ्यानेच दोन ओळी वाचल्या, थोडा वेळ तशाच थांबल्या. ‘काही म्हणता काही आठवत नाही यातलं,’ म्हणाल्या. मग ती चंदेरी पट्टी त्यांनी काढली, पहिल्या पानावर ठेवली आणि पुस्तक पिशवीत घातलं.